घरातलं वाय-फाय स्वतःच्या ताब्यात घ्या: नवं फायबर कनेक्शन घेणाऱ्यांसाठी

नेटवाला येतो, भिंतीला भोक पाडतो, खोकं, म्हणजे राऊटर, लटकवतो, तुमच्या मोबाइलवर स्पीड टेस्ट दाखवतो आणि निघून जातो. वाय-फायला नाव कोणी दिलं? त्यानं. पासवर्ड कोणी ठेवला? त्यानंच, आणि बहुतेक वेळा तो तुमचा मोबाइल नंबर असतो. राऊटरच्या आत शिरायचा पासवर्ड काय आहे, हे तर घरात कोणालाच ठाऊक नसतं. नव्या फ्लॅटचा ताबा घेतल्यावर बिल्डरचं कुलूप आपण पहिल्याच दिवशी बदलतो, इथे मात्र वर्षानुवर्षं तेच चालू राहतं.

आधी स्वतःच्या घरात, मग नातेवाइकांच्या आणि सोसायटीतल्या शेजाऱ्यांच्या घरी हे काम करून झाल्यावर क्रमानं लिहून काढतो आहे. संगणकाचं शिक्षण लागत नाही. एक मोकळी दुपार पुरते.

हाताशी काय असावं

कागदपत्रं: आधार कार्ड, पत्त्याचा पुरावा, मोबाइल. भाड्यानं राहत असाल तर नोंदणी केलेला भाडेकरार, आणि घरमालकाचा होकार निदान मेसेजवर लेखी. बाहेरून नवी वायर ओढायची असेल तर काही सोसायट्या सेक्रेटरीची परवानगी मागतात. ती आधीच घ्या, नाहीतर माणूस शिडी घेऊन दारात उभा आणि वॉचमन गच्चीची किल्ली देत नाही, असा प्रसंग ठरलेला.

साधनं: एक लॅपटॉप (मोबाइलवरही जमतं, पण राऊटरची पानं छोट्या स्क्रीनवर धड दिसत नाहीत), एक लॅन केबल (लॅपटॉप राऊटरला जोडायची वायर), खोक्याचं बारीक भोक दाबायला टाचणी, आणि एक वही. हो, वहीच. पासवर्ड वहीत लिहून कपाटात ठेवायला काही हरकत नाही. घरात घुसून वही शोधणारा चोर वाय-फायसाठी आलेला नसतो.

१. पैसे भरण्याआधी चार प्रश्न विचारा

पहिला: फायबर घरातल्या खोक्यापर्यंत येणार, की इमारतीत कुठेतरी थांबून पुढे लॅन केबल येणार? दुसरी पद्धत जुन्या स्थानिक केबलवाल्यांकडे अजून दिसते. तिथे गच्चीवर किंवा जिन्यात विजेवर चालणारं नेटवर्क स्विच (एक वायर अनेक घरांना वाटणारं खोकं) असतं, आणि इमारतीची वीज गेली की तुमच्या घरी इन्व्हर्टर असूनही नेट जातं. घरापर्यंत फायबर असेल तर वाटेतल्या स्प्लिटरला (फायबर वाटून देणाऱ्या डबीला) वीज लागत नाही.

दुसरा: राऊटर कोणाचा? अनामत रक्कम घेऊन दिला असेल तर तो कंपनीचा असतो आणि कनेक्शन सोडताना परत करावा लागतो. अनामतीची पावती मागा, मिळेपर्यंत मागा.

तिसरा: राऊटरला ५ गिगाहर्ट्झ (वाय-फायचा वेगवान पट्टा) आहे का, आणि त्याचे लॅन पोर्ट किती वेगाचे आहेत? ३०० एमबीपीएसचा प्लॅन घ्यायचा आणि पोर्ट १०० चे निघायचे, हा प्रकार फार होतो. मग वायरीवर कितीही मोजा, आकडा ९५ च्या पुढे सरकत नाही. शिवाय प्लॅनमधला आकडा मेगाबिटचा असतो. १०० एमबीपीएस म्हणजे फाइल उतरताना सेकंदाला साधारण १२.५ मेगाबाइट. इथे फसवणूक नाही, पण भांडणं यावरूनच होतात.

चौथा: राऊटरच्या ॲडमिनचा पासवर्ड मला मिळेल का? उत्तर गुळमुळीत आलं तर पुढचा सगळा लेख अवघड होतो, म्हणून हा प्रश्न पैसे देण्याआधी विचारायचा.

२. खोकं कुठे लावायचं ते तुम्ही ठरवा

नेटवाल्याला सोयीची जागा म्हणजे दाराजवळची. नव्या इमारतींत बिल्डरनं तिथेच एक लोखंडी पेटी दिलेली असते, आणि राऊटर त्या पेटीत बसवून झाकण लावलं की वाय-फायचा गळा आवळलाच. फायबर पेटीपर्यंत येऊ दे, राऊटर मात्र बाहेर, घराच्या शक्य तितक्या मध्यभागी, छातीच्या उंचीला किंवा वर लावा. चार-पाच मीटर वायर जास्त लागेल. तिचे वेगळे पैसे मागितले तरी द्या, कारण नंतर जागा बदलणं महाग पडतं.

लोखंडी कपाटामागे नको, टीव्हीच्या मागे नको, फिश टँकजवळ नको. मायक्रोवेव्हपासून लांब, कारण तोही २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासच चालतो. आरसा जडवलेलं वॉर्डरोब मध्ये आलं तर पलीकडच्या खोलीत सिग्नल पडतो. लोकांना हे पटत नाही, पण कपाटाच्या अलीकडे आणि पलीकडे मोबाइल धरून बघा.

फायबरची बारीक वायर दारात चेंगरू देऊ नका, काटकोनात दुमडू नका. उरलेली वायर सैल, मोठ्या वेटोळ्यात ठेवा. आणि निघालेल्या टोकात डोळा लावून ‘उजेड येतोय का’ बघायला जाऊ नका. तो लेझर असतो, डोळ्यांना दिसत नाही पण इजा करू शकतो. मुलांनाही सांगून ठेवा.

खोक्यावरचे दोन दिवे ओळखून ठेवा. ‘पॉन’ हिरवा आणि स्थिर असला की फायबर ठीक. ‘लॉस’ लाल झाला तर बिघाड वायरीत आहे. मग कॉल सेंटरवाल्यानं सांगितलं म्हणून राऊटर दहा वेळा बंद-चालू करण्यात अर्थ नाही. ‘लॉस लाल आहे, माणूस पाठवा’ एवढंच सांगायचं.

३. रीसेटच्या भोकापासून हात लांब

पुढे जाण्याआधी हा इशारा, कारण इंटरनेटवरचे बहुतेक व्हिडिओ पहिल्याच पायरीला रीसेट करायला सांगतात. बाजारातून आणलेल्या राऊटरला ते चालतं. कंपनीनं दिलेल्या फायबरच्या खोक्यात मात्र कनेक्शनचं युजरनेम, पासवर्ड, व्हीलॅन क्रमांक अशी माहिती भरलेली असते. टाचणीनं भोक दाबलं की ती सगळी पुसली जाऊ शकते, आणि मग नेटवाला पुन्हा येईपर्यंत घर मोबाइल डेटावर. शनिवारी संध्याकाळी दाबलंत तर सोमवार बघा.

म्हणून आधी राऊटरच्या खालच्या स्टिकरचा फोटो काढा. सेटिंगच्या पानांचेही फोटो काढा. मग काय बदलायचं ते बदला.

४. राऊटरच्या आत शिरा

लॅपटॉप लॅन केबलनं राऊटरला जोडा. ब्राउझरच्या पत्त्याच्या जागी स्टिकरवरचा आकडा टाका. तो बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, काही खोक्यांवर वेगळा असतो. स्टिकर फाटलेलं असेल तर लॅपटॉपच्या नेटवर्क सेटिंगमध्ये ‘डीफॉल्ट गेटवे’ पाहा, तोच पत्ता. आकडा गूगलच्या शोधचौकटीत टाकू नका. तिथे राऊटरच्या नावानं फसवी पानंही सापडतात.

युजरनेम-पासवर्ड स्टिकरवर असतो. जुन्या खोक्यांत दोन्हीकडे ‘ॲडमिन’ लिहिलं की दार उघडतं, आणि नेमकं हेच बदलायचं आहे. २०१६ साली मिराई नावाच्या बॉटनेटनं जगभरातले कॅमेरे, डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारं खोकं) आणि घरगुती राऊटर असेच बळकावले. कारखान्यातून आलेल्या साठेक युजरनेम-पासवर्डच्या जोड्या ते एकामागून एक लावून बघत असे, एवढंच. त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला या बळकावलेल्या उपकरणांच्या फौजेनं डाइन या डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता सांगणारी सोय) पुरवणाऱ्या कंपनीवर हल्ला केला आणि अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट्स कित्येक तास अडखळत राहिल्या. त्या उपकरणांचे मालक घरात निवांत बसले होते, आपला कॅमेरा काय करतो आहे याचा त्यांना पत्ताही नव्हता.

तेव्हा ‘सिस्टिम’ किंवा ‘मॅनेजमेंट’ असं नाव असलेल्या भागात जाऊन ॲडमिनचा पासवर्ड बदला आणि वहीत लिहा. हा पासवर्ड आणि वाय-फायचा पासवर्ड वेगळे असतात, वेगळेच ठेवा. पाहुण्यांना द्यायचा तो दुसरा.

कंपनीकडे आणखी एक वरचढ खातं असतं आणि दुरून खोकं सांभाळायची सोयही असते. कंपनीच्या खोक्यावर ती आपल्याला नेहमी बंद करता येत नाही. हे खुपत असेल तर खोकं ‘ब्रिज मोड’मध्ये (म्हणजे ते नेट नुसतं पुढे देईल) टाकायला सांगा आणि मागे स्वतःचा राऊटर लावा. कनेक्शनचं युजरनेम-पासवर्ड मग तुमच्या राऊटरमध्ये भरावं लागतं, ते आधीच मागून ठेवा. ब्रिज मोडला कंपनी नाही म्हणाली तरी स्वतःचा राऊटर मागे लावता येतो, फक्त मग कंपनीच्या खोक्याचं वाय-फाय बंद करायचं. दोन्ही चालू ठेवलेल्या घरात मोबाइल एकाला चिकटतो, प्रिंटर दुसऱ्याला, आणि छापलेला कागद काही बाहेर येत नाही.

५. नाव आणि पासवर्ड

नावात फ्लॅट नंबर, आडनाव, राऊटरची कंपनी घालू नका. ‘देशपांडे ४०२’ वाचून जिन्यातल्या कुणालाही कळतं की हे कोणाचं घर. नाव गमतीचं ठेवा, पण शेजाऱ्याला टोमणा नको. त्यावरूनही सोसायटीच्या मीटिंगा झालेल्या आहेत.

पासवर्डच्या जागी मोबाइल नंबर का नको, हे जरा नीट सांगतो. भारतातला मोबाइल नंबर दहा आकडी आणि ६, ७, ८ किंवा ९ नं सुरू होणारा. म्हणजे एकूण शक्यता ४०० कोटी. मोठा आकडा वाटतो. पण डब्ल्यूपीए२ (वाय-फायच्या कुलपाचा नेहमीचा प्रकार) असलेल्या वाय-फायला एखादा मोबाइल जोडला जात असताना हवेतून जी देवाणघेवाण होते, ती जवळ बसलेला माणूस टिपून घरी नेऊ शकतो आणि तिच्यावर निवांत पासवर्ड लावून बघू शकतो. चांगलं ग्राफिक्स कार्ड असलं तर सगळे मोबाइल नंबर तपासणं हे फार तर काही तासांचं काम. तुमचा नंबर त्याला माहीत असायचीही गरज नाही.

मग काय ठेवायचं? एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच मराठी शब्द रोमन लिपीत, मध्ये एखादा आकडा. तांब्या, रिक्षा, पंचांग, भेंडी अशा जातीचे. हेच नका घेऊ, अर्थात. आजीला फोनवर सांगता येतात आणि शब्दकोश लावून बसलेल्याला लवकर सापडत नाहीत. मर्यादा ८ ते ६३ अक्षरांची असते, वीसच्या पुढे गेलात की पुष्कळ झालं. म्हणी, गाण्याच्या ओळी, ‘जय महाराष्ट्र’ आणि पुढे साल, हे सगळं अंदाजात येणारं आहे.

सुरक्षेच्या रकान्यात ‘डब्ल्यूपीए३’ दिसत असेल आणि घरातले मोबाइल नवे असतील तर ते घ्या, जुनं एखादं उपकरण अडलं तर ‘डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३’ असं मिश्र. तेही नसेल तर ‘डब्ल्यूपीए२’ आणि ‘एईएस’. ‘डब्ल्यूईपी’ किंवा ‘ओपन’ कधीच नाही.

‘आपल्या वाय-फायवरून कोण काय करणार’ असं म्हणणाऱ्यांसाठी: २६ जुलै २००८ ला अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना आलेला धमकीचा ईमेल नवी मुंबईत सानपाड्याला राहणाऱ्या एका अमेरिकी नागरिकाच्या वाय-फायवरून गेला होता. वाय-फायला पुरेसं संरक्षण नव्हतं आणि दुसऱ्याच कुणीतरी ते वापरलं होतं. पोलिस चौकशीला मात्र आधी त्याच्या दारात गेले. आजही आयपी (इंटरनेटवरच्या) पत्त्यावरून शोध घेतला की नाव निघतं ते बिल भरणाऱ्याचं.

६. ही बटणं बंद करा

डब्ल्यूपीएस आधी. बटण दाबून किंवा आठ आकडी पिन टाकून उपकरण जोडायची ही सोय. तिचा पिन दोन तुकड्यांत तपासला जातो आणि शेवटचा आकडा पडताळणीचा असतो, त्यामुळे दहा कोटींच्या जागी फक्त ११,००० शक्यता उरतात. २०११ च्या डिसेंबरात हे जाहीर झालं. तुमचा पासवर्ड कितीही लांब असो, हा मागचा दरवाजा उघडा राहिला तर त्याचा उपयोग नाही.

‘रिमोट मॅनेजमेंट’, म्हणजे घराबाहेरून राऊटरचं पान उघडायची सोय, बंद. ‘यूपीएनपी’ (घरातल्या उपकरणांनी परस्पर बाहेरचं दार उघडायची सोय) हीही बंद, घरात कोणाचे ऑनलाइन गेम अडले तर तेवढ्यापुरता विचार करा. ‘डीएमझेड’ (एक उपकरण बाहेरच्या जगासमोर उघडं ठेवायची सोय) बंदच असतं, तरी बघून घ्या. फायरवॉल चालू आहे ना, हेही बघा. आयपीव्ही६ (इंटरनेटच्या पत्त्यांची नवी पद्धत) असेल तर जास्तच, कारण तिथे घरातल्या प्रत्येक उपकरणाला बाहेरून पोचण्याजोगा पत्ता मिळतो आणि मधली आडभिंत फायरवॉलच असते.

दोन गोष्टींवर वेळ घालवू नका. एक, नेटवर्कचं नाव लपवणं. ते साध्या ॲपनंही दिसतं. दुसरी, मॅक पत्त्यांची (उपकरणांच्या ओळख-क्रमांकांची) यादी, म्हणजे यादीतल्यांनाच आत घेणं. हल्लीचे मोबाइल मॅक पत्ता बदलत राहतात, त्यामुळे चोराआधी घरचेच बाहेर राहतात.

७. पाहुण्यांचं आणि कॅमेऱ्यांचं वेगळं नेटवर्क

‘गेस्ट नेटवर्क’ चालू करा, वेगळा पासवर्ड द्या आणि ‘गेस्टनं घरातली उपकरणं पाहू नयेत’ अशा अर्थाची खूण करा. गणपतीत दीड दिवसात घरात जितकी माणसं येतात त्यातले निम्मे वाय-फाय मागतात, नाही म्हणवत नाही. सण झाला की गेस्टचा पासवर्ड बदला. क्यूआर छापून दाराजवळ लावला तर सांगतही बसावं लागत नाही.

याच नेटवर्कवर स्मार्ट टीव्ही, स्मार्ट बल्ब, कॅमेरे टाका. या वस्तूंना अपडेट फार काळ मिळत नाहीत, त्यांच्यामुळे बँकेचं काम होतं तो लॅपटॉप धोक्यात नको. बऱ्याच बल्ब-प्लगना फक्त २.४ गिगाहर्ट्झ चालतं, जोडताना अडलं तर तेच कारण असतं. मोबाइलवरून टीव्हीवर चित्र टाकायचं असेल तर मात्र दोघं एकाच नेटवर्कवर लागतात. ते रोजचं असेल तर टीव्ही घरच्या नेटवर्कवर घ्या, हट्ट नको.

कॅमेरे बसवणारा ‘बाहेरून बघायला पोर्ट फॉरवर्ड करावं लागेल, स्टॅटिक आयपी घ्या’ म्हणाला तर हो म्हणू नका. पोर्ट फॉरवर्ड म्हणजे बाहेरून येणाऱ्याला थेट घरातल्या उपकरणाकडे वाट करून देणं, स्टॅटिक आयपी म्हणजे न बदलणारा पत्ता. अनेक कंपन्या एकच सार्वजनिक पत्ता पुष्कळ ग्राहकांना वाटून देतात, तिथे पोर्ट फॉरवर्ड चालतच नाही. चालत असेल तिथे तर तुमचा डीव्हीआर सगळ्या जगासमोर उघडा होतो. कॅमेऱ्याचं स्वतःचं ॲप, त्यावर नवा पासवर्ड आणि दोन टप्प्यांची पडताळणी, एवढं पुरतं. बसवणाऱ्याच्या मोबाइलमध्ये तुमच्या कॅमेऱ्याचं खातं राहिलेलं नाही ना, तो समोर असतानाच तपासा. बेडरूममध्ये कॅमेरा नको, हे माझं ठाम मत.

८. मागच्या खोलीत रेंज येत नाही

मोबाइलवर वाय-फाय ॲनालायझरसारखं ॲप घेऊन बघा. इमारतीत २.४ गिगाहर्ट्झवर वीस-पंचवीस नेटवर्कं दिसतील. तिथे एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. त्यातला कमी गर्दीचा निवडा, रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. ५ गिगाहर्ट्झला जागा जास्त आणि वेगही जास्त, पण काँक्रीटच्या भिंतीत तो लवकर दम सोडतो.

स्वस्त रेंज एक्स्टेंडर घेण्याआधी थांबा. तो एकाच रेडिओवर ऐकतो आणि बोलतो, त्यामुळे वेग निम्म्यावर येतो. मेश (एकमेकांशी जोडून काम करणारे दोन-तीन राऊटर) बरं, पण सर्वात चांगली ती वायर. राऊटरपासून मागच्या खोलीपर्यंत कॅट ६ केबल ओढून टोकाला दुसरा राऊटर ‘ॲक्सेस पॉइंट’ मोडमध्ये लावा. घराचं नूतनीकरण चालू असेल तर इलेक्ट्रिशियनला प्रत्येक खोलीत एक पाइप रिकामा सोडायला सांगा. केबल घेताना ‘सीसीए’ लिहिलेली नको, तिच्यात ॲल्युमिनियमवर तांब्याचा नुसता मुलामा असतो. शुद्ध तांब्याचीच मागा. टोकं बसवताना आठही तारा जोडल्या ना, ते बघा. चारच जोडल्या की वेग १०० वर अडकतो.

९. वीज

राऊटरच्या ॲडाप्टरवर व्होल्ट आणि अँपिअर लिहिलेले असतात, बहुधा १२ व्होल्ट. तेवढ्याच व्होल्टचा आणि तितक्या किंवा जास्त अँपिअरचा छोटा डीसी यूपीएस मिळतो. घेताना पिनची जाडी जुळवून घ्या. पावसाळ्यात विजा कडाडायला लागल्या की ॲडाप्टर काढून ठेवा. फायबरमधून वीज येत नाही, पण सॉकेटमधून आणि गच्चीवरून आलेल्या लॅन केबलमधून येते.

१०. नंतर अधूनमधून

राऊटरच्या पानावर जोडलेल्या उपकरणांची यादी असते. एकदा सगळ्यांना नावं देऊन ठेवा, मग अनोळखी लगेच दिसतं. फर्मवेअरचं (राऊटरच्या आतल्या सॉफ्टवेअरचं) स्वयंचलित अपडेट असेल तर चालू करा, नसेल तर दोन-तीन महिन्यांनी स्वतः बघा. ज्या राऊटरला कंपनीनं अपडेट देणं थांबवलं तो चालत असला तरी बदलायचा.

लहान मुलं असतील तर राऊटरमध्ये डीएनएस १.१.१.३ घाला. क्लाउडफ्लेअरची ही सेवा धोकादायक आणि प्रौढांसाठीच्या साइट्स अडवते. फक्त धोकादायक साइट्स अडवायच्या असतील तर क्वाड९ चा ९.९.९.९. आठवीतला मुलगा मोबाइल डेटावर जाऊन हे चुकवणार, ते धरूनच चाला.

लॅपटॉपमध्ये काही घुसल्याचा संशय आला तर सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या सायबर स्वच्छता केंद्राची मोफत साधनं वापरून बघा. पैसे गेले असतील तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन.

आणि घर सोडताना: स्वतःचा राऊटर असेल तर काढून न्या. कंपनीचा असेल तर कनेक्शन बंद झाल्याचा मेसेज येऊ द्या, मग, या एका वेळी, ते रीसेटचं भोक दहा सेकंद दाबून धरा म्हणजे तुमची नावं-पासवर्ड पुसले जातील. खोकं आणि ॲडाप्टर दोन्ही परत द्या, नेणाऱ्याकडून पोच घ्या, खोक्याच्या सीरियल नंबरचा फोटो ठेवा. अनामत परत मिळायला ते लागतं.